गोळी सुरू कधी केली, ती तारीख आधी सांगा

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं, की २६ वर्षांच्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन सुरू केलं, सतराव्या दिवशी ताप आला, नाडी १३० ला गेली, छातीत दुखायला लागलं, रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या इजेचं प्रोटीन, वाढलेलं निघालं, अँजिओग्राफी केली तर हृदयाच्या नसा एकदम स्वच्छ, आणि मग डॉक्टर म्हणाले औषधामुळे मायोकार्डायटिस झालंय, गोळी बंद. आता घरच्यांचे प्रश्न तीन. डोक्याच्या गोळीचा हृदयाशी संबंध काय, डोस जास्त झाला म्हणजे डॉक्टरांचं चुकलं का, आणि ज्या एकाच गोळीने त्याला जरा बरं वाटायला लागलं होतं ती आता कायमची गेली का.

मी बावीस वर्षं हृदयरोगाचंच काम करतोय. असे पेशंट रोज येत नाहीत, वर्षाला दोन-चार, आणि रोज येत नाहीत म्हणूनच हातातून निसटतात. तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज. इथे सूज म्हटलं की लोकांना हृदय फुगलंय असं वाटतं, तसं नाही. स्नायूच्या धाग्यांमध्ये पांढऱ्या पेशी घुसतात, पाणी साठतं, काही धागे मरतात आणि मेलेल्या धाग्यांतलं ट्रोपोनिन रक्तात गळतं, तेच आपण रिपोर्टमध्ये बघतो. एरवी याचं नेहमीचं कारण व्हायरस. त्यामुळे ताप, छातीत दुखणं आणि वाढलेलं ट्रोपोनिन असं त्रिकूट दिसलं आणि नसा साफ निघाल्या की बरेच जण व्हायरल लिहून मोकळे होतात, आणि ज्या गोळीने हे सगळं झालंय ती गोळी वॉर्डातली सिस्टर पेशंटला सकाळ-संध्याकाळ वेळेवर देत राहते. व्हायरसचं आपण फारसं काही करू शकत नाही, पेशंटला सांभाळत वाट बघायची. औषधाचं तसं नाही, कारण आपल्या हातात असतं, ते बंद करता येतं. म्हणून अशा पेशंटसमोर उभं राहिल्यावर माझा पहिला प्रश्न "काय होतंय" हा नसतोच, "नवीन काय सुरू केलं आणि कोणत्या तारखेला" हा असतो.

आता डोसचं. औषधाने हृदयाला इजा होते ती साधारण दोन वाटांनी आणि या दोन वाटांची गल्लत फार होते. एक वाट विषारीपणाची. म्हणजे डॉक्सोरुबिसिन घ्या, कॅन्सरचं जुनं औषध, ते जेवढं जास्त पोटात (खरं तर शिरेत) गेलं तेवढा धोका जास्त, म्हणून आयुष्यभरात एकूण किती दिलं याचा हिशोब ठेवतात आणि शरीराच्या दर चौरस मीटरला ४००-४५० मिलिग्रॅमच्या पुढे जायला डॉक्टर कचरतात. तिथे डोस हाच गुन्हेगार. दुसरी वाट म्हणजे आपली स्वतःची प्रतिकारशक्ती औषधावर बिथरते आणि वडाची साल पिंपळाला लावल्यासारखं राग औषधाचा पण मार हृदयाला. या वाटेवर डोसचा हिशोब फारसा चालत नाही. ठरलेल्या, पुस्तकातल्या, शंभर टक्के बरोबर डोसवर हे होतं. शंभर जणांनी तीच गोळी त्याच डोसमध्ये घेतली, नव्याण्णवांना काही नाही, एकाला झालं. त्यामुळे "डॉक्टरांचं चुकलं का" याचं सरळ उत्तर म्हणजे गोळी दिली यात चूक नाही. चूक झालीच असेल तर ती लक्ष ठेवण्यात होऊ शकते, त्याकडे खाली येतो.

बिथरण्याच्या या वाटेवर सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे इओसिनोफिलिक मायोकार्डायटिस. इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीच्या, कागदावर एका ओळीत असतात आणि कोणी बघत नाही. त्यांच्या पोटात विषारी प्रोटीनचे दाणे भरलेले असतात, त्या हृदयाच्या स्नायूत शिरून ते दाणे तिथेच सोडतात. हे आजचं नाही, सल्फा औषधं नवीन होती तेव्हाच १९४२ मध्ये फ्रेंच आणि वेलर या दोन पॅथॉलॉजिस्टांनी सल्फा घेतलेल्या रोग्यांच्या हृदयात या पेशी दाखवल्या होत्या. तेव्हापासून यादी वाढतच गेलीय. सल्फा, पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मिनोसायक्लिन अशी अँटिबायोटिक्स, फिटची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, युरिक ॲसिडचं ॲलोप्युरिनॉल, डॅप्सोन, टीबीची काही औषधं, लघवी होण्याच्या काही गोळ्या, आणि गंमत म्हणजे हृदय कमजोर झाल्यावर आम्हीच सलाइनमधून देतो ते डोब्युटामिनसुद्धा. म्हणजे यादी वाचून घाबरायचं असेल तर निम्मं मेडिकल दुकान बंद करावं लागेल. या सगळ्या औषधांनी हे फार क्वचित होतं, पण होऊ शकतं एवढं डोक्यात असलं की पुरे.

एक पेशंट सांगतो म्हणजे तारखेचं महत्त्व कळेल. पन्नाशीच्या बाई, ताप, अंगावर लाल चट्टे, छातीत दुखणं, ईसीजी बघितला तर सरळ हार्ट अटॅकसारखा. रात्रीच अँजिओग्राफी झाली, नसा साफ, पण इकोमध्ये हृदयाचं पंपिंग, ज्याला आम्ही ईएफ म्हणतो, ते ३५ टक्के. सकाळी मुलाला म्हटलं घरात आहेत तेवढी सगळी औषधं घेऊन ये, चिठ्ठ्या नकोत, औषधंच आण. तो एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला आणि बेडवरच उपडी केली. बीपीची गोळी, थायरॉइडची गोळी, ॲसिडिटीचं एक, सगळं दोन-तीन वर्षं चालू असलेलं. "नवीन काहीच नाही डॉक्टर." पिशवी झटकली तर तळाशी रबरबँडमध्ये तीन पट्ट्या, कोट्रायमॉक्सॅझोल, म्हणजे सल्फाच, लघवीच्या इन्फेक्शनसाठी कुणीतरी दिलेल्या. दोन पूर्ण रिकाम्या, तिसरीतल्या चार गेलेल्या. चोवीस गोळ्या, दिवसाला दोन, म्हणजे बारा दिवस, आणि शेवटची आदल्या सकाळी. बाई म्हणाल्या, "ते होय, ते तर अँटिबायोटिक होतं, औषध थोडंच." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी "औषध" असं विचारतच नाही. अँटिबायोटिक, पेनकिलर, इंजेक्शन, काढा, आयुर्वेदिक, डोळ्यात घालायचं, व्यायामवाल्याने दिलेली पावडर, असं एकेक नाव घेऊन विचारतो. त्या बाईंचे इओसिनोफिल २९०० होते, ५०० च्या आत हवेत. गोळी त्याच दिवशी बंद, स्टिरॉइड सुरू, तीन आठवड्यांनी ईएफ ५५.

आणि आता माझी स्वतःची चूक पण सांगतो, कारण वरची गोष्ट वाचून हे सोपं वाटेल. एका तरुणाला फिटसाठी फेनिटॉइन सुरू होऊन महिना झालेला. ताप, अंगावर पुरळ, धाप. कॅज्युअल्टीत अंगावर पित्त उठलंय म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं गेलं आणि रक्त त्यानंतर काढलं. माझ्याकडे रिपोर्ट आला तेव्हा इओसिनोफिल शून्य. मी म्हटलं चला, ॲलर्जीचा प्रकार नाही, व्हायरल. आता स्टिरॉइडचं एकच इंजेक्शन काही तासांत रक्तातल्या इओसिनोफिलना पार पुसून टाकतं हे मला माहीत नव्हतं का, चांगलं माहीत होतं, पण रिपोर्टवर रक्त काढल्याची वेळ आणि केसपेपरवर इंजेक्शनची वेळ अशा दोन वेळा शेजारी ठेवून मी बघितल्याच नाहीत. पाच दिवस फेनिटॉइन चालूच राहिलं. सहाव्या दिवशी परत सीबीसी केलं तर इओसिनोफिल १८ टक्के आणि लिव्हरचे आकडे वर. पोरगा बरा झाला, पण माझ्यामुळे आठवडा जास्त राहिला आणि त्या आठवड्यात काही वाकडं झालं असतं तर मी स्वतःला काय सांगितलं असतं. तेव्हापासून इंजेक्शन आधी की रक्त आधी हे मी विचारतोच. शिवाय रक्तात इओसिनोफिल नॉर्मल आणि हृदयात मात्र खच्चून भरलेले असंही असतं, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत. वाढलेले दिसले तर मोठा पुरावा, पण नाही दिसले म्हणून औषध निर्दोष सुटत नाही.

फेनिटॉइनवाल्याला झालं होतं त्याला ड्रेस म्हणतात, औषधाची पूर्ण अंगभर उठणारी रिॲक्शन. ताप, पुरळ, चेहरा सुजणं, गाठी, लिव्हर, किडनी, आणि काही जणांत हृदय. औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी येते, म्हणजे पेशंट आणि डॉक्टर दोघंही ती गोळी "जुनी" म्हणायला लागलेले असतात तेव्हा. आणि हिची खोड अशी की पुरळ गेलं, लिव्हर सुधारलं, स्टिरॉइड कमी करत आणलं, आणि मग कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हृदयाचं दुखणं डोकं वर काढतं. ड्रेस होऊन गेलेल्या माणसाला दोन महिन्यांनी धाप लागली तर "अशक्तपणा असेल" म्हणून अंगावर काढू नये.

वेगवेगळ्या औषधांचं वेळापत्रक वेगळं असतं आणि खरं सांगायचं तर निम्मं निदान त्यातच आहे. अँटिबायोटिकचं काही दिवस ते दोनेक आठवडे. आतड्याच्या कोलायटिसला देतात त्या मेसालामिनचं साधारण दोन ते चार आठवडे, आणि तिथे एक गोंधळ वेगळा, कारण कोलायटिस स्वतःही क्वचित हृदयाला सूज आणतो, मग आजार वाढला समजून लोक मेसालामिनचा डोस वाढवतात, म्हणजे आगीत तेल. क्लोझापिनचं पहिला महिना, त्यातही दुसरा-तिसरा आठवडा. कॅन्सरच्या इम्युनोथेरपीचं पहिले तीन महिने. कोविडच्या एमआरएनए लसीनंतरचं, ज्यावर २०२१ पासून एवढी चर्चा झाली, ते बहुतेक तरुण मुलांमध्ये, दुसऱ्या डोसनंतर दोन-चार दिवसांत, आणि बहुतेकांत सौम्य. तो विषय इथे वाढवत नाही.

तर आता भावाच्या क्लोझापिनकडे. या गोळीचा इतिहासच असा आहे की तिच्याशी सगळे जपून वागतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या गोळीवर असलेले आठ पेशंट पांढऱ्या पेशी कोसळून दगावले आणि गोळी बऱ्याच ठिकाणी मागे घेतली गेली. मग जिथे इतर कुठलंच औषध लागू पडत नाही तिथे हीच चालते हे सिद्ध झाल्यावर ती नियमित रक्ततपासणीच्या अटीवर परत आली, अमेरिकेत १९८९ मध्ये मंजूर झाली. म्हणजे सगळ्यांचं लक्ष रक्ताकडे. हृदयाकडे लक्ष गेलं ते १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका अहवालामुळे. साधारण ८००० पेशंटांपैकी १५ जणांना मायोकार्डायटिस, त्यातले पाच दगावले, आणि सगळ्यांना गोळी सुरू केल्यापासून तीन आठवड्यांच्या आत. नंतर ऑस्ट्रेलियात शोधून शोधून तपासायला लागले तर प्रमाण शंभरात एक किंवा त्याहून जास्त निघालं, बाकीच्या जगात मात्र आकडे याच्या कितीतरी खाली. यातलं किती खरोखर कमी आणि किती न बघितल्यामुळे कमी यावर तज्ज्ञांचे वाद चालू आहेत. माझं वैयक्तिक मत विचाराल तर शोधणाऱ्याला सापडतं.

हे हातातून का निसटतं, तर क्लोझापिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत साधा ताप येणं आणि नाडी वाढणं हे तसंही खूप जणांना होतं, हृदयाला काहीही न होता. मग डॉक्टर सांगतात "होतं असं सुरुवातीला, काळजी करू नका", आणि दहापैकी नऊ वेळा ते बरोबर असतात. शिवाय पेशंट स्वतःचं दुखणं नीट सांगू शकेलच असं नाही, छातीत दुखतंय म्हणाला तर घरचे म्हणतात त्याला काय, रोज काहीतरी वाटत असतं. हे फार वाईट आहे पण खरं आहे, मी असे दोन पेशंट बघितलेत ज्यांचं छातीतलं दुखणं आधी "भ्रम" म्हणून फाईलमध्ये लिहिलं गेलं होतं. म्हणून तक्रारींवर विसंबून न राहता ठरलेल्या दिवशी रक्त तपासायचं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातूनच आलेली पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. गोळी सुरू करण्याआधी ट्रोपोनिन, सीआरपी आणि इको, मग ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी ट्रोपोनिन आणि सीआरपी. सीआरपी हा साधा सुजेचा आकडा, पण तो बऱ्याचदा ट्रोपोनिनच्या आधी चढतो. ट्रोपोनिन नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीपुढे गेलं किंवा सीआरपी १०० च्या वर गेला तर गोळी थांबवा, इको करा. सीआरपी ५० ते १०० मध्ये, किंवा नाडी १२० च्या पुढे किंवा नेहमीपेक्षा ३० ने वाढलेली, तर गोळी चालू ठेवून रोज तपासा. एवढंच. महिनाभराचं काम आहे.

मी वर म्हटलं की चूक झालीच असेल तर लक्ष ठेवण्यात. तेव्हा भांडायला नको, पण शांतपणे विचारा की सुरुवातीचा इको आणि सातव्या, चौदाव्या दिवसाचे आकडे आहेत का. ते असले तर पुढच्या निर्णयाला फार उपयोगी पडतात. दुसरं, डोस किती भराभर वाढवला. गोळी साडेबारा मिलिग्रॅमने सुरू करून हळूहळू चढवतात. आधी मी म्हटलं की डोसचा हिशोब चालत नाही, त्याला हा एक अपवाद समजा, एकूण डोस नव्हे पण चढवण्याचा वेग महत्त्वाचा आहे, भराभर चढवलं तर धोका वाढतो. आणि सोबत व्हॅल्प्रोएट (फिट आणि मूडसाठी देतात ती गोळी) चालू होतं का, त्यानेही वाढतो. क्लोझापिनने नेमकं हे का होतं यावर एकमत नाही, कुणी ॲलर्जी म्हणतं, कुणी ॲड्रेनालिनसारख्या रसायनांचा भडिमार म्हणतं. अंगात सूज असली की लिव्हर क्लोझापिन हळू मोडतं, मग रक्तातली पातळी वाढते, हेही त्या काळात चालू असतं.

कॅन्सरच्या इम्युनोथेरपीबद्दल भावाचा संबंध नसला तरी दोन शब्द लिहितो, कारण या सगळ्यात सगळ्यात घातक प्रकार हाच. निव्होल्युमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, इपिलिम्युमॅब ही औषधं प्रतिकारशक्तीचे ब्रेक काढतात, त्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं, जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना. ब्रेक काढल्यावर गाडी कॅन्सरवर जाते तशी कधी हृदयावरही चढते. २०१६ मध्ये दोन पेशंटांची नोंद छापून आली, दोन औषधं एकत्र दिलेली, पहिल्याच डोसनंतर दोन आठवड्यांच्या आसपास हृदय इतकं बिघडलं की दोघंही दगावले. होतं फार कमी जणांना, साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी, पण झालं तर मृत्यूचं प्रमाण २५ ते ५० टक्क्यांच्या घरात सांगतात. इथे मी इकोपेक्षा पापणी बघतो. एक पापणी खाली ओघळलेली, डबल दिसतंय, मान धरवत नाही, जिना चढताना मांड्या दुखतात, असं काही असलं तर अंगातल्या स्नायूंची सूज आणि मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकून लुळे पडण्याचा आजार, सोबत आलेत आणि त्यांच्या सोबतीने हृदयही आलेलं असू शकतं. अशा पेशंटचा इको निम्म्या वेळा नॉर्मल असतो. इको नॉर्मल म्हणून घरी पाठवलेला माणूस पहाटे हार्ट ब्लॉकमध्ये (नसांचा ब्लॉक नव्हे, ठोक्यांचा विजेचा संदेश अडणं) जाऊ शकतो. इथे त्याच दिवशी शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, ५०० ते १००० मिलिग्रॅम रोज, रिपोर्टची वाट न बघता.

तपासण्यांवर एक प्रश्न नेहमी येतो की नसा साफ होत्या तर अँजिओग्राफी उगाच केली का. नाही. ईसीजी आणि ट्रोपोनिनवरून अटॅक आणि मायोकार्डायटिस कितीही अनुभवी माणसाला खात्रीने वेगळे करता येत नाहीत, आणि अटॅक सुटला तर त्याची माफी नाही. नसा साफ निघणं हा पैसा वाया जाणं नाही, तिथूनच आमचा तपास सुरू होतो. मग एमआरआय. त्यात स्नायूत साठलेलं पाणी आणि इजा दोन्ही दिसतात आणि इजेची जागा बोलते, अटॅकमध्ये ती आतल्या थरापासून सुरू होते, मायोकार्डायटिसमध्ये बऱ्याचदा बाहेरच्या किंवा मधल्या थरात असते. पण एमआरआय सूज सांगतो, सूज कुणी आणली ते सांगत नाही. ते सांगते बायॉप्सी, मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून नळी नेऊन हृदयाचे तिळाएवढे चार-पाच तुकडे घ्यायचे. सूज ठिगळाठिगळाने असते त्यामुळे तुकडे नेमके चांगल्या भागातले आले तर बायॉप्सीही फसते. पेशंट बिघडत चाललाय, किंवा स्टिरॉइड द्यायचं की नाही ते ठरत नाहीये, तेव्हा ती करावी. भावासारख्या स्थिर पेशंटमध्ये, तारखा इतक्या चपखल जुळत असताना, मी स्वतः बायॉप्सीचा आग्रह धरणार नाही.

उपचारात पहिलं, दुसरं आणि तिसरं काम म्हणजे ते औषध थांबवणं. बाकी त्यानंतर. पंपिंग कमी असेल तर हार्ट फेल्युअरच्या गोळ्या, ठोके बिघडलेत का यासाठी मॉनिटर, अगदीच कोसळला तर मशीनचा आधार. स्टिरॉइड इओसिनोफिलिक प्रकारात आणि इम्युनोथेरपीत नक्की देतात, क्लोझापिनमध्ये मात्र गोळी थांबवल्यावर बरेच जण आपोआप सुधारतात, तिथे सगळ्यांना स्टिरॉइड द्यावंच असं नाही. तेव्हा भावाला दिलं नाही म्हणून हलगर्जीपणा झाला असं समजू नका. घरी आल्यावर छातीत दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा पेनकिलर स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि व्यायाम बंद, म्हणजे खरंच बंद. जिम, धावणं, क्रिकेट, वजन उचलणं, साधारण तीन ते सहा महिने, आणि सुरू करण्याआधी इको, होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं अंगावरचं यंत्र) आणि ट्रेडमिल. बरं वाटतंय म्हणून महिन्यात धावायला गेलेल्या पोरांचे ठोके बिघडतात. घरातल्या घरात चालणं, अंघोळ, जिना सावकाश, याला हरकत नाही.

आता तिसरा आणि अवघड प्रश्न. पण त्याआधी, खरंच गोळीनेच झालं हे कशावरून? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल तर? ही शंका रास्त आहे आणि उत्तर शंभर टक्क्यांत देता येत नाही. आम्ही बघतो की वेळ त्या औषधाच्या नेहमीच्या वेळेशी जुळते का, बंद केल्यावर आकडे उतरले का, दुसरं कारण सापडलं का. भावाच्या बाबतीत सतरावा दिवस, गोळी बंद, आणि तुम्ही लिहिलंय की चार दिवसांत ताप गेला आणि सीआरपी १४० वरून २० वर आला. कोर्टात मी हे पुरेसं मानेन. पुन्हा गोळी देऊन बघणं हा सगळ्यात पक्का पुरावा, पण केवळ खात्री करण्यासाठी तो खेळ हृदयाशी कुणी खेळत नाही. सल्फा किंवा अँटिबायोटिकचं असेल तर प्रश्नच नाही, दुसरी पन्नास औषधं आहेत, ते नाव आयुष्यातून काढून टाका, आणि फेनिटॉइनने झालं असेल तर त्याच्या भावकीतली कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोनसुद्धा टाळा.

क्लोझापिनचं तसं नाही, कारण त्याला पर्याय असता तर ते दिलंच नसतं. ते बंद केल्यावर आजार उसळला तर आगीतून फुफाट्यात. म्हणून काही निवडक पेशंटांमध्ये, हृदय पूर्ण सावरल्यावर, ईएफ नॉर्मल झाल्यावर, ॲडमिट करून, अगदी मुंगीच्या पावलाने डोस चढवत आणि सारखं ट्रोपोनिन-सीआरपी बघत गोळी परत सुरू केली गेलीय आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ती झेपलीय. काहींना पुन्हा झालं आणि कायमची सोडावी लागली. ज्यांचं पहिलं दुखणं सौम्य होतं आणि डोस भराभर चढवलेला होता, त्यांच्यात मी मानसोपचारतज्ज्ञांसोबत बसून विचार करायला तयार असतो. ज्याचं ईएफ ३० च्या खाली गेलं होतं किंवा ठोके घातक बिघडले होते, त्याला मी नाही म्हणतो. तुमच्या भावाचं ईएफ तुम्ही ४८ लिहिलंय, म्हणजे दार बंद नाही, पण आज उघडायचंही नाही. आधी इतर पर्याय बघतील, आणि तोवर गोळी अचानक थांबल्यामुळे झोप उडणं, घाम, मळमळ, भ्रम परत येणं असं पहिल्या काही दिवसांत होऊ शकतं, ते मानसोपचारतज्ज्ञांना लगेच कळवा. आणि एक, घरात उरलेली क्लोझापिनची पट्टी आजच हॉस्पिटलमध्ये परत द्या. "त्रास होतोय तर अर्धी देऊन बघू" असं कुणीतरी रात्री दोन वाजता करतं. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की ही गोळी निरोगी हृदयाच्या माणसालाही आधीच्या डोसवर सुरू करत नाहीत, परत साडेबारापासून.

उलट बाजूही सांगून ठेवतो. हे वाचून कुणी आपली चालू गोळी मनाने बंद करू नका. फिटची गोळी अचानक थांबवली तर फिट येते आणि ती मायोकार्डायटिसपेक्षा कितीतरी जास्त शक्यतेची आहे. नवीन औषधानंतर पहिल्या दोन महिन्यांत ताप, पुरळ, विश्रांतीतही धडधडणं, धाप, छातीत दुखणं, चक्कर, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा आणि ईसीजी, ट्रोपोनिन, सीआरपी, सीबीसी करा म्हणून स्वतःहून म्हणा. चक्कर येऊन पडला किंवा बसल्या जागी धाप लागली तर दाखवा-बिखवा नाही, थेट इमर्जन्सी.

भाऊ सिगारेट ओढत असेल तर तेही डॉक्टरांना आकड्यात सांगा, थोडी-फार असं नको, दिवसाला किती. तंबाखूच्या धुरामुळे लिव्हर क्लोझापिन भराभर मोडतं, हॉस्पिटलमध्ये सिगारेट एकदम सुटली की त्याच डोसवर रक्तातली पातळी दीडपट होऊ शकते. पुढेमागे गोळी परत सुरू करायची वेळ आलीच तर हा हिशोब लागेल.

आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं "औषधाची ॲलर्जी" असं लिहून घेऊ नका, त्याचा पुढच्या डॉक्टरला शून्य उपयोग. लिहायला लावा की क्लोझापिन अमुक तारखेला सुरू, रोज किती चढवलं, सतराव्या दिवशी मायोकार्डायटिस, सगळ्यात जास्त ट्रोपोनिन इतकं, सीआरपी इतका, ईएफ ४८, अमुक तारखेला बंद, सोबत चालू असलेली औषधं ही. आणि डॉक्टरांना विचारा की औषध-दुष्परिणामाचा फॉर्म भरला का, नसेल तर भरायला सांगा, असे फॉर्म देशोदेशींहून जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वीडनमधल्या उप्साला इथल्या केंद्रात जमा होतात, आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या पंधरा जणांचं कळलं तेही कुणीतरी फॉर्म भरले होते म्हणूनच. कार्डाचा फोटो भावाच्या फोनमध्ये आणि तुमच्या फोनमध्ये, दोन्हीकडे ठेवा, कारण पुढच्या वेळी कॅज्युअल्टीत त्याला विचारलं तर तो "डोक्याची गोळी होती" एवढंच सांगेल.